नारळ मिळालेला कोच पुन्हा खुर्चीवर कसा बसतो?

लोकलमध्ये असाल, पीएमपीएमएलच्या बसमध्ये असाल, नाहीतर जिममध्ये ट्रेडमिलवर असाल, हेडफोन नीट लावा, कारण आज नावं बरीच येणार आहेत. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. एकच नाव धरून ठेवा: माइक ब्राऊन. बाकीची येतील आणि जातील. विषयच येण्याजाण्याचा आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. भारतात पहिल्यांदा एनबीएच्या मॅचेस झाल्या. सीझनच्या आधीच्या, म्हणजे पॉइंट टेबलमध्ये न धरल्या जाणाऱ्या, पण खऱ्या टीम आणि खरे खेळाडू. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मुख्य मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, त्यामुळे त्यांच्यासाठी हे घरी येणंच होतं. पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि पेसर्सने १३२-१३१ अशी एका पॉइंटने काढली. दुसरीही त्यांनीच घेतली.

त्या दिवशी कोर्टच्या कडेला जे दोन हेड कोच उभे होते, त्यांचं पुढे काय झालं ते बघा. पेसर्सचा नेट मॅकमिलन. ऑगस्ट २०२० मध्ये टीमने त्याचा करार वाढवल्याचं जाहीर केलं आणि बरोब्बर दोन आठवड्यांनी त्याला काढलं. दोन आठवडे! किंग्जचा ल्यूक वॉल्टन नोव्हेंबर २०२१ मध्ये गेला. आणि मुंबईत आले तेव्हाही हे दोघं काही नवे कोरे नव्हते. मॅकमिलनला २०१२ मध्ये पोर्टलंडने काढलेलं होतं. वॉल्टन त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेकर्समधून बाहेर पडला होता आणि काही दिवसांत किंग्जने त्याला उचललं होतं.

म्हणजे वरळीच्या त्या डोममध्ये दोन्ही बाजूंना एकेका टीमने सोडलेले आणि दुसऱ्या टीमने घेतलेले कोच होते. तर आजचा प्रश्न हाच. काढलेल्या कोचला पुन्हा काम कोण देतं, का देतं, आणि कोणाला ते कधीच मिळत नाही?

आधी थोडं गणित. एनबीएमध्ये टीम ३०. म्हणजे हेड कोचच्या खुर्च्या जगात फक्त ३०. आपल्या आयटीत एक कंपनी नाही तर दुसरी, हिंजवडी नाही तर खराडी. इथे तसं नाही. खुर्ची गेली की उरलेल्या २९ पैकी कोणीतरी दुसऱ्याला काढेपर्यंत थांबायचं. तुझं नशीब दुसऱ्याच्या नारळावर अवलंबून.

आणि नारळ भरपूर फुटतात. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत पाच वेगवेगळे कोच चॅम्पियन झाले: टोरंटोचा निक नर्स, लेकर्सचा फ्रँक व्होगेल, मिलवॉकीचा माइक बुडेनहोल्झर, गोल्डन स्टेटचा स्टीव्ह कर आणि डेन्व्हरचा मायकल मलोन. यातल्या चौघांना त्याच टीमने काढलं, जिला त्यांनी ट्रॉफी जिंकून दिली होती. वाचला तो एकटा कर. व्होगेलला दोन वर्षं मिळाली, बुडेनहोल्झरलाही दोनच. मलोनला तर एप्रिल २०२५ मध्ये रेग्युलर सीझनच्या फक्त तीन मॅचेस बाकी असताना घरी पाठवलं.

का होतं असं? कारण तेच स्वस्त पडतं. टीममध्ये पंधरा खेळाडू, त्यांचे करार बहुतेक गॅरंटीड. खेळाडू बदलायचा तर समोरून तेवढ्याच पगाराचा कोणीतरी घ्यावा लागतो, सॅलरी कॅपचे नियम आडवे येतात, एकेका ट्रेडला महिने लागतात. कोचचा पगार मात्र सॅलरी कॅपमध्ये मोजलाच जात नाही. मालकाला काहीतरी करून दाखवायचं असतं, प्रेक्षक चिडलेले असतात, आणि एका दुपारी, एका सहीत बदलता येणारी गोष्ट एकच असते. त्यामुळे बरेचदा कोच जातो तो टीममधला सर्वांत वाईट माणूस म्हणून जात नाही. सर्वांत पटकन हलवता येणारा म्हणून जातो. आणि ही गोष्ट लीगमधल्या बाकीच्या २९ जनरल मॅनेजरना पक्की ठाऊक असते, कारण उद्या ते स्वतः तेच करणार असतात. म्हणून "याला काढलंय" हा शेरा तिथे आपल्याला वाटतो तेवढा काळा नसतो.

आता माइक ब्राऊन.

क्लीव्हलंडने त्याला २००५ मध्ये हेड कोच केलं. टीममध्ये लेब्रॉन जेम्स. २००८-०९ मध्ये ८२ पैकी ६६ मॅचेस जिंकल्या आणि ब्राऊन ‘कोच ऑफ द इयर’ झाला. पुढच्या सीझनला ६१ जिंकल्या, पण प्लेऑफमध्ये बॉस्टनकडून हरले. त्या उन्हाळ्यात लेब्रॉनचा करार संपत होता. तो थांबावा म्हणून काहीतरी हालचाल दाखवायला हवी होती. मे २०१० मध्ये ब्राऊनला नारळ. जुलैमध्ये लेब्रॉन मायामीला गेलाच. कोचही गेला, खेळाडूही गेला.

२०११ मध्ये लेकर्सने बोलावलं. फिल जॅक्सनची रिकामी खुर्ची, समोर कोबी ब्रायंट. पहिला सीझन ठीक गेला. दुसऱ्या वर्षी स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आले, अपेक्षा आभाळाला टेकल्या, आणि सीझनच्या पाच मॅचेस झाल्यावर, एक विजय आणि चार पराभव, ब्राऊन बाहेर. पाच मॅचेस! आमच्याकडे नव्या जॉइनरला लॅपटॉपचे ॲक्सेस मिळायलासुद्धा याहून जास्त दिवस लागतात.

मग २०१३ मध्ये कोणी घेतलं? त्याच क्लीव्हलंडने. पाच वर्षांचा करार. ३३ विजय, ४९ पराभव, आणि एका वर्षात पुन्हा नारळ. त्यानंतर दोन महिन्यांत लेब्रॉन क्लीव्हलंडला परत आला. म्हणजे पहिल्यांदा लेब्रॉन जायच्या आधी काढलं आणि दुसऱ्यांदा लेब्रॉन यायच्या आधी काढलं. टायमिंगच्या बाबतीत या माणसाचे ग्रह कायम वक्री.

इथे थांबून विचार करा. वय चव्वेचाळीस. चार वर्षांत तीन वेळा काढलंय. नावावर ‘कोच ऑफ द इयर’ आहे, पण सगळे म्हणणार, ते तर लेब्रॉनमुळे. ही सगळ्यांत वाईट जागा असते बघा. जिंकलं तर स्टारमुळे, हरलं तर कोचमुळे. या माणसाला चौथ्यांदा कोण घेणार?

बराच काळ कोणीच घेतलं नाही. २०१४ ला गेलेली हेड कोचची खुर्ची पुन्हा मिळाली २०२२ मध्ये. मधली आठ वर्षं. माझ्या मते ब्राऊनच्या सगळ्या गोष्टीचा गाभा याच आठ वर्षांत आहे, कप आणि पुरस्कारांत नाही.

२०१६ मध्ये तो गोल्डन स्टेटमध्ये असिस्टंट म्हणून गेला. तीनदा हेड कोच राहिलेला माणूस स्टीव्ह करच्या शेजारी दुय्यम खुर्चीत जाऊन बसला, आणि कर तर हेड कोच म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी नवा होता. सिनियर मॅनेजर राहिल्यावर पुन्हा टीम लीड होऊन, तेही आपल्यापेक्षा कमी अनुभवाच्या माणसाला रिपोर्ट करायचं, असं समजा. २०१७ च्या प्लेऑफमध्ये करची पाठ इतकी दुखायला लागली की त्याला कोर्टवर येणंच जमेना. ब्राऊनने टीम सांभाळली. ११ मॅचेस, ११ विजय. आणि हे ११ विजय रेकॉर्डमध्ये कोणाच्या नावावर? करच्या. एनबीएचा नियमच तसा आहे, अधिकृत हेड कोच तोच. ब्राऊनच्या खात्यात शून्य.

पण ते ११ विजय ज्यांना बघायचे होते त्यांनी बघितले. कागदावर नसलेलं काम कोणाला दिसतं, तर त्याच धंद्यातल्या माणसांना. खेळाडू बोलतात, दुसऱ्या टीमचे असिस्टंट बोलतात. कोच नेमताना जनरल मॅनेजर आधी त्या कोचच्या हाताखाली खेळलेल्यांना फोन लावतो, आकडे त्यानंतर येतात.

मधल्या काळात त्याने नायजेरियाच्या राष्ट्रीय टीमचं काम घेतलं. जुलै २०२१ मध्ये लास व्हेगासला सरावाच्या मॅचमध्ये नायजेरियाने अमेरिकेला ९०-८७ असं हरवलं. आफ्रिकेतल्या कुठल्याही टीमने अमेरिकेला हरवण्याची ही पहिलीच वेळ. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये तीनही मॅचेस हरले, तेही सांगायला हवं. पण आता ब्राऊनबद्दल बोलताना लेब्रॉन आणि कोबीशिवाय दुसरं काहीतरी बोलता येत होतं.

मे २०२२ मध्ये सॅक्रामेंटोने त्याला नेमलं. आपल्या रणदिवेंची टीम. ही टीम तेव्हा १६ सीझन प्लेऑफला गेली नव्हती, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. नेमणूक जाहीर झाली तेव्हा गोल्डन स्टेट प्लेऑफमध्ये खेळत होती. ब्राऊन लगेच निघून गेला नाही. करला कोविड झाला होता, ब्राऊनने पुन्हा टीम सांभाळली, फायनलपर्यंत थांबला, ट्रॉफी जिंकून मग सॅक्रामेंटोला गेला. आमच्याकडे लोक ऑफर लेटर आलं की नोटीस पीरियडमध्ये कॅमेरा ऑफ करून बसतात. असो.

पहिल्याच सीझनला ४८ विजय, दुष्काळ संपला, आणि ब्राऊनला ‘कोच ऑफ द इयर’. मतं १०० पैकी १००. या पुरस्काराच्या इतिहासात असं आधी कधीच झालं नव्हतं. चौदा वर्षांनी तोच पुरस्कार, पण आता कोणी म्हणू शकत नव्हतं की लेब्रॉनमुळे.

गोड शेवट? छे. पुढच्या वर्षी ४६ विजय, प्लेऑफ थोडक्यात हुकलं. जून २०२४ मध्ये करार वाढवला. आणि २७ डिसेंबर २०२४ ला, सलग पाच पराभवांनंतर, १३ विजय आणि १८ पराभव असताना, नारळ. चौथा.

तेव्हा एक माणूस जाहीरपणे भडकला. डेन्व्हरचा कोच मायकल मलोन. ब्राऊनला ज्या पद्धतीने फोनवर कळवलं त्यावर तो पत्रकारांसमोर उखडला. त्याचं दुखणं जुनं होतं. रणदिवेंनी किंग्ज घेतल्यावर नेमलेला पहिला कोच मलोनच होता, आणि डिसेंबर २०१४ मध्ये, टीमचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वरासारख्या आजाराने बाहेर असताना, दुसऱ्या सीझनच्या २४ मॅचेस झाल्यावर त्यालाही काढलं होतं. मलोनची गोष्ट पुढे सांगतो, ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे.

ब्राऊन या वेळी किती दिवस घरी बसला? जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सने बोलावलं. सव्वासहा महिने. आधी आठ वर्षं लागली होती, आता सव्वासहा महिने. आणि जागा कशी रिकामी झाली? निक्सने टॉम थिबोडोला काढलं, ज्याने त्यांना २५ वर्षांत पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला नेलं होतं. मग निक्सने इतर टीमच्या चालू कोचशी बोलायची परवानगी मागितली. एकामागून एक टीमने नाही म्हटलं. म्हणजे जे नोकरीत होते ते मिळणारच नव्हते. ज्यांना कोणीतरी आधीच सोडलं होतं, तेच खरे उमेदवार. कधीकधी बाजारात मोकळं असणं हीच मोठी पात्रता असते. डिसेंबर २०२५ मध्ये निक्सने एनबीए कप जिंकला, फायनलमध्ये सॅन अँटोनियोला हरवून. कोच ब्राऊन.

आता तुम्ही म्हणाल, हा एक माणूस झाला. बरं, ती गोल्डन स्टेटची शेजारची खुर्ची बघा. ब्राऊनच्या आधी तिच्यावर कोण होतं? वरळीवाला ल्यूक वॉल्टन. २०१५-१६ मध्ये कर आजारी असताना त्याने सलग २४ विजयांनी सीझन सुरू केला, एकूण ३९ विजय आणि ४ पराभव, सगळे करच्या नावावर, आणि त्यावर त्याला लेकर्सची नोकरी मिळाली. ब्राऊन गेल्यावर करच्या शेजारी पुढे सरकला केनी ॲटकिन्सन. त्याची ब्रुकलिनची नोकरी मार्च २०२० मध्ये सुटली होती. चार वर्षं दोन टीममध्ये असिस्टंट राहिला. २०२४ मध्ये क्लीव्हलंडने घेतला, पहिल्याच सीझनला ६४ विजय, आणि ‘कोच ऑफ द इयर’.

क्लीव्हलंडने ॲटकिन्सनसाठी जागा कशी केली? जे. बी. बिकरस्टाफला काढून. बिकरस्टाफ कुठे गेला? दोन महिन्यांच्या आत डेट्रॉइटला. डेट्रॉइटमध्ये जागा कशी झाली? माँटी विल्यम्सला काढून, ज्याला त्यांनी वर्षभरापूर्वी सहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्तीचा करार दिला होता आणि ज्याच्या सीझनमध्ये सलग २८ मॅचेस हरले. विल्यम्सच्या वेळी १४ विजय, बिकरस्टाफच्या पहिल्या वर्षी ४४. क्लीव्हलंडला नको झालेला माणूस डेट्रॉइटला नेमका हवा होता, आणि दोघांचंही भलं झालं. कोच वाईट होता का? त्या टीमला, त्या वर्षी, तो पुरेसा वाटला नाही, एवढंच.

शेजारच्या खुर्चीची एक कडू बाजूही आहे. नेट मॅकमिलन. पोर्टलंडने काढल्यावर तो पेसर्समध्ये फ्रँक व्होगेलचा असिस्टंट झाला. २०१६ मध्ये व्होगेलचा करार वाढवला नाही आणि मॅकमिलन हेड कोच झाला. पेसर्सने काढल्यावर अटलांटात लॉइड पिअर्सचा असिस्टंट झाला. मार्च २०२१ मध्ये पिअर्सला काढलं आणि मॅकमिलन हेड कोच झाला. टीम १४ विजय आणि २० पराभवांवर होती, त्याने उरलेल्या ३८ पैकी २७ जिंकल्या आणि थेट कॉन्फरन्स फायनल. क्लिपर्समध्ये टायरॉन ल्यूचंही तसंच, डॉक रिव्हर्सचा असिस्टंट, रिव्हर्स गेला आणि खुर्ची ल्यूला. यात कोणी कोणाचा पाय ओढला असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या शेजारी बसायचं त्याच्या नारळावर आपली बढती, हे ओझं त्या खुर्चीबरोबर येतंच. पिअर्सचं काय झालं? तोही कुठेतरी असिस्टंट झाला. कुठे? मॅकमिलनच्या जुन्या पेसर्समध्ये. छोटं गाव आहे हो, तीस घरांचं.

मग ज्यांना परत बोलावणं आलंच नाही, ते?

मार्क जॅक्सन. कोचिंगचा काहीही अनुभव नसताना, टीव्हीवर कॉमेंट्री करताना, २०११ मध्ये थेट गोल्डन स्टेटचा हेड कोच झाला. स्टेफ करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन त्याच्याच हाताखाली घडले. २०१३-१४ मध्ये ५१ विजय. आणि मे २०१४ मध्ये काढलं. पुढच्याच वर्षी कर आला आणि टीम चॅम्पियन झाली. जॅक्सन पुन्हा टीव्हीवर गेला, अनेक वर्षं मोठमोठ्या मॅचेसची कॉमेंट्री केली, आणि एनबीएत हेड कोच पुन्हा कधीच झाला नाही.

५१ विजय असून का नाही? त्याच्या जाण्यानंतर मालकांनी जाहीरपणे असंच सूचित केलं की प्रश्न हरण्या-जिंकण्याचा नव्हता, ऑफिसातल्या इतर लोकांशी न जमण्याचा होता. ते खरं की खोटं, मी ठरवू शकत नाही, आणि मालकाची बाजू ही एक बाजूच असते. पण परिणाम बघा. "हरला म्हणून काढला" ही गोष्ट पुढच्या मालकाला चालते, कारण हरण्याची शंभर कारणं असतात. "जिंकत होता तरी काढला" म्हटल्यावर माणूस दचकतो. जिंकत असताना गेलेल्या कोचला म्हणूनच जास्त सफाई द्यावी लागते. आणि तशी सफाई टीव्हीच्या माइकवरून देता येत नाही. टीव्हीवर तुम्ही दिसता रोज, पण काम करताना दिसत नाही.

दुसरा डेव्हिड ब्लॅट. युरोपातलं फार मोठं नाव. मकाबी तेल अवीवला २०१४ मध्ये युरोलीग जिंकून दिली आणि क्लीव्हलंडने त्याला आणलं, ब्राऊनच्याच रिकाम्या खुर्चीवर. पहिल्या वर्षी थेट फायनल. दुसऱ्या वर्षी ३० विजय, ११ पराभव, ईस्टमध्ये पहिला नंबर, आणि जानेवारी २०१६ मध्ये नारळ. त्याचा असिस्टंट ल्यू वर बसला आणि जूनमध्ये चॅम्पियन झाला. ब्लॅट तुर्कस्तानात गेला, तिथल्या टीमला २०१८ मध्ये युरोकप जिंकून दिला. म्हणजे काम येत होतंच. तरी एनबीएत हेड कोचची खुर्ची परत मिळाली नाही. मला वाटतं, त्याच्यासाठी बोलणारं तिथे कोणी नव्हतं. तो एनबीएत खेळलेला नव्हता, तिथे कधी असिस्टंट नव्हता. कोणाच्या शेजारी बसून दहा वर्षं विमानात, हॉटेलात, पराभवानंतरच्या बसमध्ये घालवलेली नव्हती. ब्राऊनसाठी मलोन भडकला. हे दोघं फार आधी क्लीव्हलंडमध्ये एकत्र काम केलेले, मलोन ब्राऊनचा असिस्टंट होता. ब्लॅटसाठी असं भडकायला लीगमध्ये कोण होतं?

मलोनची राहिलेली गोष्ट. सॅक्रामेंटोने काढल्यावर २०१५ मध्ये डेन्व्हरने घेतलं. पहिली तीन वर्षं प्लेऑफ नाही. ३३, ४०, ४६ विजय. तिसऱ्या वर्षी तर सीझनच्या शेवटच्या, ८२ व्या मॅचमध्ये, ओव्हरटाइममध्ये हरून बाहेर. समोर मिनेसोटा, कोच थिबोडो. दुसऱ्या कुठल्याही टीमने तेव्हा नारळ फोडला असता. डेन्व्हरने ठेवला. टीममध्ये निकोला योकिच नावाचा सर्बियाचा जाडजूड मुलगा हळूहळू मोठा होत होता. २०२३ मध्ये डेन्व्हरची पहिली ट्रॉफी. सॅक्रामेंटोतला मलोन आणि डेन्व्हरमधला मलोन हा एकच माणूस. तिथे दुसऱ्याच सीझनच्या २४ मॅचेसनंतर निकाल लागला, इथे तीन वर्षं थांबले. म्हणून काढलेल्या कोचसाठी नुसतं "पुन्हा नोकरी" पुरत नाही. थांबायची तयारी असलेला मालक मिळाला तर बघायचं. बुडेनहोल्झरला फिनिक्सने २०२४ मध्ये घेतलं आणि एका सीझनमध्ये काढलं, व्होगेलला त्याच्या आदल्या वर्षी तिथेच तसंच. परत नोकरी मिळाली खरी, पण ती फक्त पुढच्या नारळापर्यंतची.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण मला माहितीये ऐकणाऱ्यांत लेऑफ झालेले कितीजण आहेत. माझ्या जुन्या टीममधल्या एका सीनियरला त्याच्या कंपनीने पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मोकळं केलं. मुलाखतींत त्याला सगळ्यात जड गेला तो प्रश्न "का काढलं" नव्हता, त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. जड गेला तो "गेले सात महिने काय करताय?" त्याने कोर्स केले होते, सर्टिफिकेटं होती, पण कोणाबरोबर बसून काम केलं नव्हतं. ऐकताना मला ब्राऊन आठवला.

पण तुलना ताणू नका, एक फरक मोठा आहे. एनबीए कोचचे करार साधारणपणे गॅरंटीड असतात. माँटी विल्यम्सला एका वर्षात काढलं तेव्हा डेट्रॉइटला पुढच्या पाच वर्षांचे अंदाजे साडेसहा कोटी डॉलर देणं बाकी होतं. त्यामुळे तिथला माणूस दोन वर्षं थांबून, हवी तीच शेजारची खुर्ची निवडू शकतो. आपल्याकडे दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवतात आणि ईएमआय पाच तारखेला येतोच. "खाली उतरून काम कर, कमीपणा मानू नकोस" हा सल्ला ब्राऊनला देणं सोपं आहे. घरभाडं भरणाऱ्याला देताना जरा जपून द्यावा. खाली उतरायचंच असेल तर कोणाच्या शेजारी, हे मात्र ब्राऊनसारखं नीट बघावं. दुष्काळी टीमचा असिस्टंट होऊन त्याला ते ११ विजय मिळाले नसते.

पुढच्या वेळी सकाळी चहाबरोबर फोन उघडाल आणि कुठल्यातरी कोचला काढल्याची बातमी दिसेल, तेव्हा त्याचे विजय-पराभव बघून झाल्यावर अजून दोन गोष्टी शोधा. त्याच्यासाठी जाहीरपणे कोण बोललं? आणि पुढच्या सीझनला तो टीव्हीच्या स्टुडिओत बसलाय की कोणाच्या तरी बेंचवर? मग तुमचा अंदाज मला पाठवा. सहा महिन्यांनी आपण दोघं मिळून तपासू.

पुढच्या भागात खेळाडूंच्या ट्रेडबद्दल बोलू. एका खेळाडूला जेवता जेवता फोनवर कसं कळतं की उद्यापासून तुझं शहर बदललं, ते. तोवर भेटूच.